खानदेशातील घरात पाचोरा–जामनेर रेल्वेची उचलून ठेवता येणारी प्रतिकृती कशी उभारावी

खानदेशात घरी रेल्वेची प्रतिकृती उभारायची असेल, तर कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वीच एक गोष्ट मान्य करावी लागते, ती म्हणजे ही रेल्वे वर्षभर एका जागी पसरून राहणार नाही. आखाजीला लेकी माहेरी येतात तेव्हा खोली रिकामी करावी लागते, श्रावणात कानबाईच्या रोटाला सगळी भाऊबंदकी जमते, वैशाखात वर्षभराचे गहू भरले जातात, आणि मे महिन्याच्या अखेरीस संध्याकाळी पश्चिमेकडून येणारे वादळ तर कोणाला विचारून येत नाही. म्हणून पुढे सांगितलेली सर्व पद्धत एकाच अटीवर बेतलेली आहे. संपूर्ण प्रतिकृती पाऊण तासात सुटी करता आली पाहिजे, एका माणसाला उचलता आली पाहिजे आणि दोन महिन्यांनी पुन्हा जोडली असता त्याच दिवशी तिच्यावर गाडी धावली पाहिजे. ही अट ज्या आराखड्यात बसत नाही तो कितीही देखणा असला तरी आपल्याकडच्या घरात टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मार्गाची निवड आणि मापांचा हिशेब

जगभर सर्वांत अधिक प्रचलित असलेले प्रमाण एचओ म्हणजे १:८७ (मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे) हे आहे. त्यातील रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते, आणि ते युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचे रूप आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची असल्यामुळे १:८७ प्रमाणात ती सुमारे १९.३ मिलिमीटर भरते, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या रुळांवर भारतीय ब्रॉडगेज मुळातच थोडी अरुंद दिसते. हा फरक बहुतेक जण चालवून घेतात आणि त्यात काही गैर नाही. खरी अडचण लांबीची आहे. भुसावळवरून जाणाऱ्या मेल गाडीचा जुन्या पद्धतीचा आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धर्तीचा) डबा सुमारे २१.३ मीटरचा, तो या प्रमाणात साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो; चोवीस डब्यांची गाडी जशीच्या तशी मांडायची म्हटली तर एकट्या गाडीलाच जवळजवळ सहा मीटर लागतात, आणि हे लांब डबे वळणावर सुखाने फिरावेत यासाठी वळणाची त्रिज्या किमान पंचावन्न ते साठ सेंटिमीटर ठेवावी लागते. म्हणजे फळीची रुंदीच सव्वा मीटरच्या पुढे गेली. अशी फळी जिन्यातून वळत नाही, दारातून आडवी जात नाही आणि उभी केली तर पंख्याला लागते. भुसावळचे यार्ड घरात आणण्याची इच्छा मी समजू शकतो, पण ते काम सभागृहाचे आहे. मोठी मांडणी पाहण्याची हौस असेल त्यांनी पुण्यात कोथरूडचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय अवश्य पाहावे. घरासाठी मात्र दुसरा मार्ग शोधावा.

तो मार्ग आपल्या जळगाव जिल्ह्यातच आहे. पाचोरा ते जामनेर ही ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज, सुमारे ५६ किलोमीटर लांबीची, शेंदुर्णी आणि पहूर यांसारख्या गावांना जोडणारी, लोकांच्या तोंडी ‘पीजे’ या नावाने रुळलेली गाडी २०२० मध्ये बंद झाली. ७६२ ला ८७ ने भागले तर ८.७६ येतात, आणि एन या एचओहून लहान प्रमाणाचे तयार रूळ नेमके ९ मिलिमीटरचे असतात. पाव मिलिमीटरचा हा फरक डोळ्याला कळत नाही. म्हणजे इमारती, माणसे, बैलगाड्या सर्व १:८७ प्रमाणात ठेवून एन प्रमाणाच्या रुळांवर पीजे बसवता येते. गाडी चार-पाच लहान डब्यांची, वळणे पंचवीस सेंटिमीटर त्रिज्येची, आणि फळी साठ सेंटिमीटर रुंद. तयार इंजिन मिळण्याची वाट पाहू नये. एन प्रमाणाच्या साध्या डिझेल इंजिनाचा सांगाडा आणि मोटार तशीच ठेवून वरचे खोळ तेवढे उतरवावे आणि एक मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यातून किंवा चांगल्या पुठ्ठ्यातून नवे खोळ कापून बसवावे. डब्यांचेही तसेच. मूळ गाडीची जुनी छायाचित्रे जिल्ह्यातील कितीतरी घरांत आहेत; ती मिळवणे हा या कामाचा अतिशय आनंदाचा भाग आहे, आणि तो मुळीच टाळू नये.

फळ्या

१२० × ६० सेंटिमीटरच्या दोन फळ्या कराव्यात. त्या लांबीत जोडल्या की २४० × ६० सेंटिमीटरची मांडणी तयार होते, तिच्यात एक लंबगोल मार्ग बसतो. पुढच्या बाजूला शेंदुर्णीचे स्थानक आणि मागच्या बाजूला, एका उभ्या पडद्यापलीकडे, गाड्या उभ्या करण्याच्या दोन मार्गिका ठेवाव्यात. चढ-उतार ठेवू नये. शेकडा दोनचा चढ म्हटला तरी सहा सेंटिमीटर उंची गाठायला तीन मीटर लागतात, आणि आपल्याकडे पूर्ण फळीच अडीच मीटरहून कमी आहे.

प्लायवूड बारा मिलिमीटरचे, पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचे घ्यावे आणि खाली दोन इंच उंचीच्या पाइनच्या किंवा सागाच्या पट्ट्यांची चौकट करून मध्ये दोन आडव्या पट्ट्या द्याव्यात. वायरी जाण्यासाठीची भोके पट्ट्यांना आधीच पाडून ठेवावीत. त्यानंतरचे काम लोक टाळतात, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. प्लायवूडच्या दोन्ही बाजू आणि विशेषतः चारही कडा प्रायमर व ऑइल पेंटने बंद कराव्यात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की लाकूड आकसते, जुलैमध्ये तेच फुगते, आणि पाणी शिरते ते मुख्यतः उघड्या कडांमधून. यात खानदेशातील घरांची आणखी एक भर आहे, ती कूलरची. भर उन्हाळ्यात, म्हणजे बाहेर आर्द्रता जवळजवळ नसताना, कूलर रात्रभर ओलसर हवेचा झोत खोलीत सोडतो. तो झोत फळीच्या एका टोकावर पडत असेल तर तेवढेच टोक वाकते आणि तेथील रुळांवर काळपट थर चढतो. म्हणून मांडणीची जागा ठरवताना कूलरची खिडकी आधी पाहावी, दार नंतर.

पाय लाकडाचे करू नयेत. किराणा दुकानात असतात तसे स्लॉटेड अँगलचे लोखंडी रॅक सर्वत्र मिळतात. वाळवी त्यांना लागत नाही आणि उंची हवी तशी ठेवता येते. साधारण ११० सेंटिमीटर उंची योग्य ठरते, कारण खाली ट्रंका आणि गाद्या मावतात आणि त्यामुळे घरातील माणसांना ही जागा वाया गेल्यासारखी वाटत नाही. गव्हाची कोठी मात्र खाली ठेवू नये. धान्यामागून उंदीर येतात आणि ते वायरी कुरतडतात. भिंतीपासून हातभर नाही तरी वीतभर अंतर सोडावे.

दोन फळ्या जोडण्यासाठी चौकटीतून आरपार जाणारे दोन बोल्ट आणि पंखाच्या आकाराचे नट वापरावेत, पण जोड अचूक बसण्याचे काम बोल्टवर सोपवू नये. त्यासाठी दोन पितळी खुंट्या, एका फळीत पक्क्या आणि दुसऱ्या फळीतील पितळी नळीत घट्ट जाणाऱ्या, अशा बसवाव्यात. प्रत्येक वेळी फळ्या त्याच जागी येतात, ते या खुंट्यांमुळे.

रूळ

रूळ निकेल सिल्व्हरचे घ्यावेत. पितळेवर किंवा लोखंडावर चढणारा थर वीज अडवतो, निकेल सिल्व्हरवरचा थर त्या मानाने कमी त्रास देतो. वाकवता येणारे रूळ सुमारे ९१४ मिलिमीटर, म्हणजे एक वार लांबीचे येतात. जानेवारीच्या पहाटे खोलीत बारा अंश तापमान असेल आणि मेच्या दुपारी बेचाळीस, तर या तीस अंशांच्या फरकाने असा एक रूळ सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, परंतु वाढायला जागा नसेल तर रूळ बाजूला फुगतो आणि गाडी नेमकी तेथेच घसरते. खऱ्या रेल्वेतही उन्हाळ्यात रूळ वाकू नयेत म्हणून कर्मचाऱ्यांची खास गस्त घातली जाते, ते याच कारणासाठी. म्हणून थंडीत रूळ घालत असाल तर दोन रुळांच्या प्रत्येक जोडात जाड लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी फट ठेवावी, आणि मेच्या दुपारी घालत असाल तर रूळ एकमेकांना भिडवले तरी चालतात. शक्य असेल तर हे काम दिवाळी ते होळी या काळातच करावे. त्या काळात हवा स्थिर असते, हात घामाचे नसतात आणि सरस नीट वाळतो.

दोन फळ्यांच्या जोडावरील रूळ हा मांडणीतील सर्वांत नाजूक भाग आहे. तेथे प्रत्येक रुळाच्या टोकाखाली एक लहान पितळी स्क्रू प्लायवूडमध्ये बसवावा, त्याचे डोके रुळाच्या तळाला जेमतेम लागेल इतके वर ठेवावे आणि रूळ त्यावर सोल्डर करावा. रूळ आधी दोन्ही फळ्यांवरून सलग घालून, सोल्डर थंड झाल्यावर, बारीक करवतीने मध्ये कापावा. असे केल्यावर फळी कितीदाही सुटी केली तरी टोक जागचे हलत नाही.

गाडी कोणत्या मार्गावर जावी हे ठरवणारे सांधे कमीत कमी ठेवावेत. अशा मांडणीला चार पुरतात. सांध्याच्या मध्यभागी, जेथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तो भाग प्लॅस्टिकचा असेल तर लहान इंजिन तेथे वीज न मिळाल्याने थांबते. म्हणून पैसे थोडे अधिक गेले तरी तो भाग धातूचा, म्हणजे विजेचा असलेलाच सांधा घ्यावा. एक गोष्ट बाजूला ठेवून दुसरीवर खर्च करायचा असेल तर मी सांध्यांवर खर्च करण्याचा सल्ला देईन. डबे नंतर करता येतात.

वीज

येथे साधी १२ व्होल्टची डीसी पद्धत पुरेशी आहे. ट्रान्सफॉर्मर असलेला खोका फळीवर बसवू नये, वेगळा ठेवावा, आणि तो ज्या पॉइंटवर लावायचा त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग आहे याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी. फळीखालून दोन रंगांच्या दोन मुख्य वायरी, दीड चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरिंगच्या, टोकापासून टोकापर्यंत न्याव्यात आणि प्रत्येक रुळाच्या तुकड्याला त्यांच्यापासून स्वतंत्र बारीक वायर सोल्डर करावी. दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर विजेसाठी विसंबू नये. पहिल्या पावसाळ्यानंतर तिच्यातून वीज मिळेल याची खात्री राहत नाही. दोन फळ्यांमध्ये काढता-घालता येणारा कनेक्टर द्यावा आणि तो उलटा बसणारच नाही असा निवडावा. वायरिंगचा नकाशा कागदावर काढून त्याला प्लॅस्टिक लावावे व फळीच्या खालच्या बाजूला चिकटवावे, कारण चार महिन्यांनी फळी उघडताना कोणती वायर कोठली हे कोणाच्याही लक्षात राहत नाही.

वादळ

मृगाच्या आधीचे वादळ आपल्याकडे रावेर, यावल, चोपड्याच्या केळीबागा आडव्या करून जाते, तेथे गच्चीवरील पत्र्याच्या शेडची काय कथा. म्हणून पहिला नियम असा, की मांडणी पत्र्याच्या शेडमध्ये करू नये. मग ती जागा कितीही मोकळी, घरच्यांना कितीही सोयीची आणि हिवाळ्यात कितीही सुखाची असो. तेथे दुपारी छताखालचे तापमान प्लॅस्टिकचे डबे वाकडे करण्याइतके चढते, आणि पत्रा एकदा उचकटला की पुढचे काही आपल्या हातात राहत नाही. खालच्या मजल्यावरची किंवा स्लॅबखालची खोली लहान असली तरी तीच घ्यावी.

आभाळ पश्चिमेला काळवंडले आणि वारा पडला की कामांचा क्रम ठरलेला असावा. आधी खोक्याचा प्लग भिंतीतून पूर्ण काढावा; नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण वीज जवळपास पडली तर तिचा दाब बटणातील फट ओलांडू शकतो. मग इंजिन आणि डबे त्यांच्या पेटीत, मग फळ्यांवर जाड प्लॅस्टिक, आणि प्लॅस्टिकच्या कडा खाली खोचलेल्या. खिडकी सर्वांत शेवटी लावली तरी चालते, कारण ती घरातील दुसरे कोणीतरी लावतेच. लाइट परत आल्यावर लगेच प्लग लावू नये. पहिल्या काही मिनिटांत दाब कमी-जास्त होत असतो. इन्व्हर्टरवर गाडी चालवू नये. मेमध्ये तो पंख्यांसाठी आहे.

वादळानंतर घरभर जो बारीक मातीचा थर बसतो, तो ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह होतो. मांडणीवर तसे करू नये. मऊ कोरड्या ब्रशने धूळ सुटी करावी, व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा रबराने बांधून ती ओढून घ्यावी, म्हणजे देखाव्यातून सुटून आलेली बादली किंवा माणूस कापडावरच अडकतो. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसावेत, खिडकी उघडी ठेवून आणि जवळ दिवा-उदबत्ती नसताना. सँडपेपर वापरू नये. त्याने पडलेल्या ओरखड्यांत घाण अधिक धरते.

आणि तरीही पाणी आलेच तर? स्लॅबमधून एक धार फळीवर पडली की स्थानकासमोरची सगळी खडी दुधासारखी पांढरी झालेली दिसते आणि मन खचते. तिला हात लावू नये. पांढरा सरस ओला झाला की मऊ पडतो आणि पांढरा दिसतो. बोट न लावता वाळू दिला तर तो बहुतेक वेळा पुन्हा पारदर्शक होऊन तशीच खडी धरून ठेवतो. त्या वेळी जो खरवडतो त्याचे काम दुप्पट होते. सांध्यांच्या मोटारी तेवढ्या सोडवून वेगळ्या वाळवाव्यात, फळी लांब बाजूवर उभी करून पंख्याच्या हवेत ठेवावी आणि उन्हात कधीही नेऊ नये, कारण उन्हात एकाच बाजूने वाळलेले प्लायवूड धनुष्यासारखे वाकते. मल्टिमीटरने दोन्ही रुळांमध्ये कोठे शॉर्ट नाही हे पाहिल्याशिवाय वीज सुरू करू नये.

देखावा

या भागावर कितीही लिहिता येईल. जमिनीसाठी थर्मोकोल वापरता येते, पण ते चिकटवायला चामड्याच्या कामाचा रबरी सरस घेऊ नये, त्याने थर्मोकोल विरघळते. लाकडाचा पांढरा सरसच घ्यावा. खडीसाठी खडीक्रशरवरची काळी कच आणून पिठाच्या जुन्या चाळणीने चाळावी. चाळलेली कच कागदावर पसरून तिच्यावरून पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. पिशवीला काळे केसाळ कण चिकटलेले दिसतात. आपला दगड बेसॉल्टचा, आणि त्यात चुंबकाला चिकटणारे लोहयुक्त खनिज असते. हे कण रुळांमध्ये राहिले तर इंजिनाच्या मोटारीतील चुंबक ते वर ओढून घेतो आणि काही आठवड्यांत मोटार घरघरू लागते. चुंबकाला काही चिकटेनासे होईपर्यंत हे करावे. मग खडी रुळांत कोरडी पसरून, साबणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्याचा फवारा मारून, अर्धे पाणी आणि अर्धा पांढरा सरस ड्रॉपरने सोडावा.

शेंदुर्णीच्या बाजूला कपाशी आणि केळी दोन्ही दाखवता येतात. तीन मीटर उंचीचे केळीचे झाड या प्रमाणात साडेतीन सेंटिमीटरचे होते. पातळ तारेवर हिरव्या कागदाची पाने, मधली शीर नखाने दाबून, आणि खालची दोन पाने तपकिरी करून खाली लोंबलेली. ती वाळलेली पाने विसरली तर बाग खरी वाटत नाही. वादळाने फाटतात तशा पानांना कडेने बारीक चिरा द्याव्यात. घरे धाब्याची करावीत, सपाट मातीच्या छताची, आणि मागच्या पडद्यावर त्रिविक्रम मंदिराचे शिखर फिक्या रंगात. पाचोऱ्याची जंक्शन म्हणून ओळख दाखवायची असेल तर एका कडेला ब्रॉडगेजचा हातभर तुकडा १९.३ मिलिमीटर अंतराने हाताने बसवून त्यावर एक मालडबा कायमचा उभा करावा. शेजारी ९ मिलिमीटरचे रूळ पाहिले की पीजे किती लहान होती ते सांगावे लागत नाही.

घरातील अडचणी

आजारपण, बाळंतपण, लग्न, केळी पडल्याने थांबलेले पैसे, यांपैकी काहीतरी दरवर्षी येतेच, आणि तेव्हा रेल्वे बाजूलाच ठेवली पाहिजे. त्यासाठी फळ्या समोरासमोर तोंड करून, मध्ये चारही कोपऱ्यांत इमारतींपेक्षा उंच ठोकळे लावून, बोल्टने एकत्र आवळता येतील अशी सोय सुरुवातीलाच करावी. असा गठ्ठा जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे उभा राहतो. इमारती आणि झाडे म्हणूनच पक्की न चिकटवता खुंटीवर बसवावीत, म्हणजे उंच ती आधी काढून घेता येतात. डांबराच्या गोळ्या त्या गठ्ठ्यात टाकू नयेत. त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लॅस्टिक मऊ पडते. कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो.

काम थांबले तरी सगळे थांबत नाही. खोली नसेल तेव्हा एका पाटावर मावेल असे काम हाती घ्यावे, म्हणजे डब्यांची खोळे, स्थानकाची कौले, केळीची पाने. चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतात आणि घरातील सगळ्यांचे हात तेथे लागतात. त्या दिवसांत फळीवरचे काम मुळात ठरवूच नये. मुलांना दूर ठेवण्यापेक्षा सांधे बदलण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. ज्याच्या हातात सांधा असतो तो गाडी घसरू देत नाही.

दसऱ्याच्या सुमारास गठ्ठा उघडला की लगेच गाडी लावू नये. फळ्या दोन दिवस खोलीत तशाच आडव्या ठेवाव्यात, मग जोडाव्यात, जोडावरील सर्व रुळांवरून बोटाचे नख फिरवून पायरी लागते का पाहावे, लागली तर पितळी स्क्रूवरचे सोल्डर गरम करून रूळ पुन्हा बसवावा. मग एक रिकामा डबा हाताने ढकलत पूर्ण फेरी घ्यावी, आणि तो जेथे अडखळेल तेथे खडूने खूण करावी. खुणा दुरुस्त झाल्यावर इंजिन ठेवावे.